कडूबाईचं रक्त

महारुद्र डॉक्टरांच्या हाताला गुण आहे असं परभणीत लोक म्हणायचे, आणि वर्षानुवर्षं ते ऐकून खुद्द डॉक्टरांचाही त्यावर विश्वास बसला होता. ट्रस्टच्या रुग्णालयात ते मेडिसिन विभागाचे प्रमुख होते. पूर्णेहून, ताडकळसहून, पार गंगाखेडच्या पलीकडून माणसं यायची आणि केसपेपर काढतानाच सांगायची, "महारुद्र डॉक्टरलाच दाखवायचंय." दुसरा डॉक्टर रिकामा बसलेला दिसला तरी ती बाकावर थांबून राहायची. डॉक्टर मनगटावर बोटं ठेवायचे, डोळ्याची पापणी खाली ओढून बघायचे, पोट दाबायचे आणि औषध लिहायचे. बहुतेक वेळा ते लागू पडायचं.

तापाच्या पेशंटच्या रक्तात जंतू शिरला आणि सगळं अंगच ढासळायला लागलं, की त्याला सेप्सिस म्हणतात. अशा वेळी कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधानं मरतो, हे कळायला रक्ताचं कल्चर करतात. रक्त बाटलीत घालायचं, त्यातला जंतू वाढू द्यायचा, मग त्याच्यावर औषधं लावून बघायची. या रुग्णालयात तो रिपोर्ट यायला चार-पाच दिवस लागायचे. तोवर पेशंट एक तर घरी गेलेला असायचा, नाही तर कायमचा गेलेला. महारुद्र डॉक्टर तो कागद न वाचताच फाईलला लावायला सांगायचे.

मग ऋतिका आली.

ऋतिका ताडकळसची. तिच्या वडिलांचं तिथं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान. नववीत असताना ती डेंग्यूनं आजारी पडून याच वॉर्डात आठवडाभर होती आणि सलाईन लावलेल्या हातानं महारुद्र डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून हैराण करायची. "एवढी चौकशी करतेस, तर डॉक्टरच हो की," ते हसून म्हणाले होते. ती खरंच झाली. एमबीबीएस झाली, मग मायक्रोबायोलॉजीत एमडी. ती दूर पुण्यात शिकत होती तोवर डॉक्टर प्रत्येक समारंभात तिचं नाव घ्यायचे. "माझी पोरगी आहे ती," असं म्हणायचे. ट्रस्टला जंतूंच्या प्रयोगशाळेसाठी डॉक्टर हवा होता तेव्हा त्यांनीच फोन करून तिला बोलावून घेतलं.

आल्या आल्या तिनं प्रयोगशाळेचं काम उलटंपालटं केलं. आधी रक्त काढायचं, मगच अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन द्यायचं. बाटली वॉर्डातल्या ट्रेमध्ये पडून राहायची नाही, भरली की लगेच खाली यंत्रात. जंतू वाढला की यंत्र वाजतं. ते वाजलं की सकाळची वाट न बघता काचेवर थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आणि डॉक्टरला फोन करायचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, जंतू वेगळा करून पुन्हा वाढवण्यात दिवस घालवण्याऐवजी बाटलीतलं रक्त थेट थाळीवर पसरायचं आणि त्यावर औषधांच्या बारीक चकत्या ठेवायच्या. काही तासांत दिसायचं, कोणत्या चकतीभोवती जंतू मेला आणि कोणत्या चकतीला तो जुमानत नाही. जे पाचव्या दिवशी कळायचं ते दुसऱ्याच दिवशी कळायला लागलं.

सुरुवातीला डॉक्टरांनाच सगळ्यांत जास्त कौतुक होतं. मग एके दिवशी राउंड घेताना एका म्हाताऱ्या पेशंटच्या मुलानं विचारलं, "साहेब, औषध बदलायचं म्हनता, पण लॅबवाल्या मॅडम काय म्हनल्या?"

इतक्या वर्षांत डॉक्टरांच्या पुढ्यात उभं राहून कुणी दुसऱ्याचं मत विचारलं नव्हतं.

"मॅडमनीच सांगितलंय," ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. पण तो प्रश्न दिवसभर त्यांच्या मनात सलत राहिला.

पुढं पुढं तो सल वाढतच गेला. पेपरात प्रयोगशाळेची बातमी आली. त्यांची बायको कुसुमताई चहा देता देता म्हणाली, "बघा तरी, तुमच्या ऋतिकाचा फोटो किती छान आलाय." डॉक्टरांनी फोटो बघितला. मग बातमी वाचली, आणि तिच्यात आपलं नाव कुठं आहे ते शोधलं. पुन्हा वरपासून शोधलं. नव्हतं. फोटोत यंत्राच्या बाजूला एक अर्धा खांदा दिसत होता, तो त्यांचा होता.

"शर्ट तरी ओळखू येतोय," कुसुमताई म्हणाली. तिला गंमत वाटली. डॉक्टर चहा न पिताच उठले.

महिन्याच्या बैठकीत ऋतिकानं पडद्यावर एक तक्ता दाखवला. रक्तातले जंतू सेफ्ट्रियाक्झोन नावाच्या औषधाला आता किती कमी दाद देतात, ते त्यात होतं. तिनं कुणाचंही नाव घेतलं नाही. पण सेफ्ट्रियाक्झोन हे महारुद्र डॉक्टरांचं आवडतं औषध, हे नर्सपासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या एका इंजेक्शननं त्यांनी नाव कमावलं होतं. खोलीत कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही, आणि न बघण्यातूनच त्यांना कळलं की सगळे त्यांचाच विचार करतायत.

त्यानंतर ऋतिकाचा फोन आला की ते दोन शब्दांत संपवू लागले. कँटीनमध्ये ती दिसली की वाट बदलायचे. ती प्रयोगशाळेत हसली तरी आपल्यालाच हसली असं त्यांना वाटायचं. रात्री अंथरुणावर पडलं की ते मनातल्या मनात तिच्याशी भांडायचे आणि दरवेळी जिंकायचे.

अशात एका शनिवारी दुपारी वैजीनाथ त्याच्या बायकोला, कडूबाईला घेऊन आला. ताडकळसजवळच्या एका खेड्यातलं हे जोडपं. दोघं कोल्हापूरकडच्या कारखान्यावर ऊस तोडायला गेले होते. फडात आडोसा नसतो म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. कडूबाईला लघवीची जळजळ सुरू झाली, मग थंडी वाजून ताप. तिकडं कुणाकुणाकडून इंजेक्शनं घेऊन तिनं दिवस काढले. शेवटी उभं राहता येईना तेव्हा वैजीनाथनं कोयता खाली ठेवला आणि गाव गाठलं.

"पूर्णेच्या दवाखान्यात दाखवा म्हनत होते समदे," वैजीनाथ हात जोडून म्हणाला. "मी म्हनलं, न्हाई. महारुद्र डॉक्टरच्या हाताला गुन हाय. माझ्या बापाला तुमीच उठवलं होतं."

कडूबाईचं अंग तापलं होतं, श्वास जोरात चालला होता, आणि विचारलेल्या प्रश्नाला ती भलतंच उत्तर देत होती. डॉक्टरांनी लगेच आयसीयूत घेतलं. नव्या पद्धतीप्रमाणे रक्त काढून बाटल्या खाली गेल्या, आणि मग त्यांनी औषध लिहिलं. सेफ्ट्रियाक्झोन.

रविवारी सकाळी ते साखरपुड्याला निघायच्या तयारीत असताना ऋतिकाचा फोन आला. पूर्णेत त्यांच्या भाच्याचा साखरपुडा होता.

"सर, कडूबाईची बाटली वाजली. काचेवर बघितलं. लघवीच्या मार्गातून येतो तोच जंतू दिसतोय, ग्राम निगेटिव्ह."

"मला कालच माहीत होतं. त्याचंच औषध चालू आहे."

"हो सर. पण ती कारखान्यावर किती दिवस इंजेक्शनं घेत होती. सेफ्ट्रियाक्झोन चालेल असं मला वाटत नाही. आत्ताच त्याहून जोरदार, मेरोपेनेम चालू करायचं का? थाळी लावलीय, दुपारपर्यंत नक्की कळेल."

"ऋतिका," डॉक्टर म्हणाले, "तू बाटल्या बघ. पेशंट मी बघतो."

"बरं सर," ती म्हणाली.

साखरपुड्यात जेवणाच्या पंगतीला डॉक्टरांच्या शेजारी व्यंकटराव बसले. ते ट्रस्टचे जुने विश्वस्त, मोठ्या आवाजाचे आणि मोकळ्या मनाचे. "डॉक्टर, तुमच्या त्या पोरीनं कमाल केली बरं का," ते भाताचं आळं करत म्हणाले. "नांदेडहून फोन यायलेत, आमच्याकडं बी असं सुरू करून द्या म्हणून. आता तुमी निवांत व्हा! औषध कोणतं द्यायचं ते मशीनच सांगायलंय म्हणल्यावर डॉक्टरला डोकं कशाला लागतंय?"

आजूबाजूची चार माणसं हसली. डॉक्टरही हसले. तोच पानाशेजारी ठेवलेला त्यांचा फोन थरथरला. ऋतिका.

त्यांनी बघितलं आणि फोन पालथा घातला.

तो थांबला, पुन्हा थरथरला. डॉक्टरांनी डाव्या हातानं आवाज बंद करून तो खिशात टाकला आणि वाढप्याला जिलेबी मागितली. एरवी ते गोड खात नसत. मांडीवर फोनचा धक्का अधूनमधून जाणवत होता, आणि दर धक्क्याला त्यांना एक प्रकारचं बरं वाटत होतं. वाट बघू दे. सगळं तुझ्याच घाईनं चालत नाही म्हणावं.

जेवणानंतर ते भाच्याबरोबर फोटोला उभे राहिले, पान खाल्लं, व्यंकटरावांशी शेतीच्या गप्पा मारल्या. परत निघाले तेव्हा पिंगळीजवळ रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. गाडी उभी करून त्यांनी फोन काढला.

ऋतिकाचे संदेश एकाखाली एक आले होते. 'सर, जंतू सेफ्ट्रियाक्झोनला दाद देत नाही. मेरोपेनेमनं मरतोय.' 'बीपी घसरतंय सर.' 'आदिनाथ तुमच्याशिवाय औषध बदलायला तयार नाही. कृपया फोन घ्या.' सोबत थाळीचा फोटो होता. एका चकतीभोवती स्वच्छ गोल रिकामी जागा, आणि दुसरीच्या अगदी कडेपर्यंत जंतूंचा दाट थर.

डॉक्टरांनी बोटांनी फोटो मोठा केला. तिची कुठं चूक झालीय का ते ते शोधत होते. चकत्यांवरची अक्षरं वाचली, थाळीवरचं नाव वाचलं. चूक नव्हती.

त्यांनी आदिनाथला फोन लावला. आदिनाथ त्यांच्या हाताखालचा निवासी डॉक्टर. आपल्या वॉर्डात आपल्याला विचारल्याशिवाय औषध बदलायचं नाही, हा नियम त्यांनीच त्याला पहिल्या दिवशी घालून दिला होता.

"सर, मेरोपेनेम आत्ताच सुरू झालंय," आदिनाथ घाईघाईनं म्हणाला. "मी नको म्हणत होतो. मॅडम वर आल्या, त्यांनी स्वतः केसपेपरवर लिहिलं आणि स्वतःची सही केली."

योग्य औषध सुरू झालं होतं. त्यांना हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी छातीत जाळ उठला. माझ्या पेशंटच्या कागदावर तिची सही! आगगाडी धडधडत निघून गेली, फाटक उघडलं, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, आणि डॉक्टर स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून होते. आपल्याला काय वाटायला हवं होतं आणि काय वाटलं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि त्याची त्यांना भीती वाटली.

पण आयसीयूत शिरले तोवर भीती मावळून रागच उरला होता. ऋतिका कडूबाईच्या खाटेशी उभी होती.

"हे आयसीयू कुणाचं आहे?" त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं.

"तुमचं आहे, सर."

"मग मला न विचारता—"

"विचारायलाच फोन करत होते. तुम्ही घेतला नाही."

"मी जेवत होतो."

"जेवण झाल्यावर?"

सवयीनं डॉक्टर खाटेकडे वळले आणि कडूबाईच्या मनगटावर बोटं ठेवली. हात गार होता. खाटेखाली लटकणाऱ्या पिशवीत लघवी जवळजवळ नव्हतीच. मूत्रपिंडं थकली होती. मान वर न करता ते आदिनाथला म्हणाले, "डायलिसिसवाल्यांना बोलावून घे."

पुढचे काही दिवस कडूबाई डायलिसिसवर होती. औषध दुपारीच बदललं असतं तर हे टळलं असतं का? आदिनाथनं एकदा चाचरत विचारलं. सांगता येत नाही, असं किडनीचे डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंच होतं. पण महारुद्र डॉक्टरांना त्या उत्तराचा आधार घेता येईना. ते येता-जाता वैजीनाथ बाकावरून उठून हात जोडायचा. एरवी असे जोडलेले हात त्यांना दिसायचेही नाहीत. आता ते मागच्या जिन्यानं यायला लागले.

हळूहळू लघवी सुटली. ताप उतरला. एका सकाळी कडूबाईनं नर्सला विचारलं, "बाई, भाकर मिळंल का?" आणि वैजीनाथ वॉर्डात सगळ्यांसमोर डॉक्टरांच्या पायावर पडला.

"तुमीच वाचवलं साहेब! मी म्हनतच होतो."

ऋतिका तेव्हा दाराशी नर्सला काही सांगत उभी होती. डॉक्टरांनी तिला बघितलं. 'देवाची कृपा' एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण ते तसे सुटले नाहीत.

"मी नाही वाचवलं, वैजीनाथ. मी दिलेलं औषध लागू पडत नव्हतं. या मॅडमनी ते शोधलं, यांनीच बदललं. मी त्या वेळी इथं नव्हतो."

वैजीनाथनं ऋतिकाकडं एकदा बघितलं, पुन्हा डॉक्टरांकडं. त्याचे डोळे भरून आले. "बघा," तो शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणाला, "किती मोठ्या मनाचा मानूस हाय! केलेलं काम बी दुसऱ्याच्या नावावर करायलाय."

वॉर्डभर माना डोलल्या. डॉक्टर काही बोलणार तोवर ऋतिका निघून गेली होती.

ते तिच्या मागोमाग खाली प्रयोगशाळेत गेले. ती यंत्रात बाटल्या लावत होती.

"मी त्याला खरं तेच सांगितलं," ते म्हणाले.

"सांगितलंत. आणि अजून मोठे झालात." तिनं झाकण जरा जोरातच लावलं. "सर, खरं बोलू? मला तुमचा लय हेवा वाटतो. शाळेत होते तेव्हापासून. तुम्ही वॉर्डात शिरलात की माणसं उठून बसतात. मी शिरले की नर्स विचारते, कुणाचं रक्त न्यायचंय? ताडकळसकडच्या बाईला मी वाचवलं, माझ्या गावाजवळच्या, आणि तिच्या नवऱ्याला ते पटतसुद्धा नाही."

डॉक्टर स्टूल ओढून बसले. हिला आपला हेवा वाटतो, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"मला तुझा वाटतो," ते म्हणाले.

"ते माहीत आहे. सगळ्या रुग्णालयाला माहीत आहे."

त्यांना हसू आलं आणि लाजही वाटली. मग ते म्हणाले, "त्या दिवशी फोन मी बघितला होता. मुद्दाम घेतला नाही."

ऋतिकाचे हात थांबले. "अंदाज होता मला," ती म्हणाली. "तिला डायलिसिसला नेलं, त्या दिवशी मी ठरवलं होतं की तुमच्याशी पुन्हा बोलायचंच नाही. अजूनही सगळा राग गेलेला नाही, सर. हे असं लगेच जाणार नाही."

"नको जाऊ दे," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सांगितलं, की यापुढं रक्ताच्या रिपोर्टवरून औषध बदलायचं असेल आणि आपण फोन घेतला नाही, तर कुणी आपली वाट बघायची नाही. ऋतिका सांगेल आणि आदिनाथ लिहील. स्वतःच्या हातातली गोष्ट दुसऱ्याच्या हातात देताना माणसाला जसं होतं तसं त्यांना झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ऋतिकानं फक्त मान हलवली.

कडूबाईला घरी सोडायच्या दिवशी वैजीनाथ पुन्हा पाया पडायला आला. डॉक्टरांनी त्याला खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाले, "चला माझ्याबरोबर. दोघंही."

कडूबाईला चाकाच्या खुर्चीत बसवून ते खाली घेऊन गेले. प्रयोगशाळेच्या दारात वैजीनाथ चप्पल काढायला लागला. ऋतिका गडबडून उठली.

"हिच्या रक्तातला जंतू यांनी या यंत्रात धरला," डॉक्टर म्हणाले. "रविवार होता. घरी न बसता या इथं बसून होत्या."

वैजीनाथ यंत्राकडं संशयानं बघत राहिला. कडूबाई मात्र यंत्राकडं बघतच नव्हती. ती ऋतिकाचा चेहरा न्याहाळत होती.

"कुनाची गं तू, माय?"

"ताडकळसची. गॅरेजवाले दिनकरराव आहेत ना, त्यांची."

"आगं बया! बाजाराच्या रस्त्याला दुकान हाय त्यांचं?" कडूबाईनं तिचा हात धरून जवळ ओढला. "आमच्या ह्यांची फटफटी तिथंच ऱ्हाती की दुरुस्तीला. तुझ्या मायला वळखते मी. बाजारात माझ्याशेजारी बसायची ती, मेथी घेऊन. तू बारकी व्हतीस, लय रडायचीस."

ऋतिका हसली आणि खुर्चीशेजारी खाली बसली. कडूबाईनं तिच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. मग मेथी, बाजार, दिनकररावांचा गुडघा, कारखान्यावरचे हाल, असं एकातून एक निघत गेलं. वैजीनाथही त्यात शिरला आणि फटफटीची तक्रार सांगायला लागला.

डॉक्टर भिंतीशी उभे होते. त्यांच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. आत तीच जुनी कळ उठली. पेपरातल्या फोटोत आपला अर्धाच खांदा दिसला तेव्हा उठली होती तशी. वर राउंड थांबला होता, जायला कारणही होतं. पण ते गेले नाहीत. बोलणं संपेपर्यंत तिथंच थांबले, आणि मग कडूबाईची खुर्ची स्वतः ढकलत तिला बाहेर रिक्षापर्यंत घेऊन गेले.